साडेपाच हजारांची पेटी आणि दवंडीचा कायदा

शाश्वत विकास शिकवायच्या खेळांची पेटी उघडली तेव्हा आधी वाळूच बाहेर आली. वेळ मोजायला संचात वाळूची दोन घड्याळं होती, त्यातलं एक कुरिअरमध्ये फुटलं होतं. स्टाफरूमच्या टेबलावर, इतिहासाच्या सरांच्या तर्री-पोह्यांच्या प्लेटीला लागून, निळीशार वाळू पसरली. सर प्लेट उचलत म्हणाले, "शाश्वत नाही दिसून राह्यली, मॅडम." पेटी दिसली की हा विनोद ते अजूनही करतात.

मी पूर्व नागपुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते, आणि भूगोलवाली म्हणून अकरावी-बारावीचं पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षाही माझ्याच गळ्यात आहे. हा विषय कसा शिकवला जातो हे ज्युनियर कॉलेजात काम केलेल्या कुणालाही विचारा. शेवटचा तास, अर्धे पोट्टे क्लासला पळालेले, उरलेले प्रकल्पवहीत गुगलवरून उतरवलेला जलचक्राचा पाठ रंगवत बसलेले. पर्यावरण शिक्षणात आणा असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितलं, त्याला आता तीसहून जास्त वर्षं झाली. आमच्या वेळापत्रकात तो विषय अजूनही 'कुणाचा ऑफ असेल तर तो घेईल' या जागीच आहे.

म्हणून एका शैक्षणिक प्रदर्शनात ही पेटी दिसली तेव्हा मी थांबले. वर लिहिलं होतं, 'शाश्वत विकास आणि पर्यावरण धोरण, वयोगट १५ ते १८'. किंमत कर धरून ₹५,४००. कंपनीचं नाव इथे देत नाही. फोनवर बोलणारी त्यांची मुलगी फार सालस होती, आणि मी पुढे ज्या चुका सांगणार आहे त्या तिच्या नव्हेत. कॉलेजातून पैसे मिळायला तीन कोटेशनं लागतात, पण हा संच विकणारी ही एकच कंपनी, मग दुसरी दोन आणायची कुठून? शेवटी माझे पैसे घातले. सात महिन्यांनी परत मिळाले. दोन्ही सत्रांत अकरावीच्या चौसष्ट मुलांवर पेटी वापरून झाली आणि 'घ्यावी का हो?' असं तीन कॉलेजांतून विचारून झालं, तेव्हा एकदाच सगळं लिहून टाकते.

पेटीत शाश्वत विकासाच्या सतरा उद्दिष्टांची सतरा पोस्टरं आहेत. कायद्यांची आणि परिषदांची बारा पत्ती, तलावाचा खेळ, कार्बन पदचिन्हाचा तक्ता, 'जनसुनावणी' नावाचं भूमिकानाट्य, शिक्षकांसाठी पुस्तिका आणि ती घड्याळं. पोस्टरांबद्दल फार बोलत नाही. कागद जाड, रंग छान, भिंत भरते. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली ठरवलेली १७ उद्दिष्टं आणि त्याखालची १६९ लक्ष्यं हा भाग परीक्षेला येतो, मुलं पाठ करतात, विसरतात. चौदाव्या पोस्टरवर 'पाण्याखालील जीवन' आहे, निळा समुद्र, कासव, प्रवाळ. आमच्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर. दिवाळीनंतर कुणीतरी त्या कासवाखाली पेन्सिलीने 'नाग नदी, शोधून दाखवा' असं लिहिलं. मी ते खोडलं नाही.

पेटीत सगळ्यात वाईट काय असेल तर कार्बन पदचिन्हाचा, म्हणजे आपल्या राहणीमुळे किती कार्बन हवेत जातो ते मोजायचा, तक्ता. कुठल्या तरी थंड देशातला तक्ता उचलून त्याचं मराठी केलं आहे हे पहिल्याच प्रश्नात कळतं. 'गेल्या वर्षी आपण किती विमानप्रवास केलेत?' वर्गात तिघांनी विमान आतून पाहिलेलं. 'हिवाळ्यात घर उबदार ठेवण्यासाठी कोणते इंधन वापरता?' मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जाणाऱ्या गावात! थंड करण्याच्या रकान्यात एसी आहे, पंखा आहे, कूलर नाही. नागपूरच्या उन्हाळ्याचा तक्ता आणि त्यात कूलर नाही, म्हणजे मुंबईच्या प्रवासाच्या तक्त्यात लोकल नसण्यासारखं. एका मुलीने हात वर केला, "मॅडम, कूलरमध्ये रोज चार बादल्या पाणी टाकतो, ते कुठं लिहू?" लिहायला जागाच नव्हती. आपल्या घरी विजेपेक्षा पाण्याचा प्रश्न आधी उभा राहतो, हे ज्याने तक्ता बनवला त्याला माहीत नाही.

बेरीज केल्यावर जवळजवळ सगळ्या मुलांना 'उत्तम! तुम्ही हरित नागरिक आहात' असा शेरा मिळाला. टाळ्या पडल्या. मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र तक्ता उलटसुलट बघत राहिला. त्याचे वडील इतवारीत हमाली करतात. म्हणाला, "मॅडम, आपण गरीब आहो म्हणून ग्रीन आहो काय?" शिक्षक-पुस्तिकेत या प्रश्नाचं उत्तर नाही. मी त्या दिवशी पुस्तिका मिटली आणि १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेबद्दल सांगितलं. तिथे इंदिरा गांधींनी गरिबी आणि गरज यांचा प्रदूषणाशी काय संबंध हा मुद्दा श्रीमंत देशांपुढे मांडला होता. त्या पोराने पन्नास वर्षांपूर्वीचाच वाद स्वतःच्या घरातून उभा केला होता. तक्त्याचं हे अनवधानाने झालेलं श्रेय मी कंपनीला देते. पण तक्ता वापरू नका. वापरायचाच तर आधी निम्मे प्रश्न स्वतः लिहा.

बारा पत्त्यांचा खेळ साधा आहे आणि चांगला आहे. खिडकीपासून दारापर्यंत सुतळी बांधायची, कपडे वाळवायचे चिमटे घ्यायचे आणि पत्ती काळाच्या क्रमाने लावायची. स्टॉकहोम १९७२, जल कायदा १९७४, बेचाळिसावी घटनादुरुस्ती १९७६, वायू कायदा १९८१, भोपाळ, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६, ब्रुंटलँड अहवाल १९८७, रिओ १९९२, आघात मूल्यांकनाची (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते आधी तपासण्याची) पहिली अधिसूचना १९९४, दुसरी २००६, हरित न्यायाधिकरण २०१०, सतरा उद्दिष्टं २०१५. आमच्या पेटीत भोपाळच्या पत्तीवर १९८६ छापलं होतं! वायुगळती २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीची. पोरांनी मोबाइलवर मिनिटभरात चूक पकडली आणि मला दाखवताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो बघता ही चूक मुद्दाम ठेवावी असंही वाटून गेलं. पण शिक्षकाच्या लक्षात आली नाही तर? कारण पत्ती बरोबर जागी लागली तरच त्या खेळाचा अर्थ लागतो. चुकीचं साल खोडून १९८४ लिहिलं, पत्ती सरकवली, आणि एक मुलगी सुतळीकडे बघून म्हणाली, "म्हणजे आधी माणसं मेली, मग कायदा आला." नंतर तिनेच २०१५ च्या पुढे सुतळी रिकामी का लटकते ते विचारलं. दोन कोऱ्या पत्ती संचात हव्या होत्या. आम्ही लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूच्या केल्या.

तलावाच्या खेळावर मी दोन तास ऐवजी पाच घालवले. तलावात चाळीस मासे, म्हणजे चाळीस प्लॅस्टिकच्या चकत्या. पाच गट. प्रत्येक गटाने किती मासे धरणार ते चिठ्ठीवर लिहायचं, बोलायचं नाही. उरलेले मासे दुप्पट होतात, पण चाळीसच्या वर कधीच नाही. गणित कळलं तर सोपं आहे: सगळ्यांनी मिळून वीसच काढले, गटाला चार, तर तलाव कायम भरलेला. आमच्या वर्गाने पहिल्या फेरीत बत्तीस काढले. उरले आठ, झाले सोळा. दुसऱ्या फेरीत सोळाच्या सोळा गेले. पुस्तिकेप्रमाणे चार मिनिटांत 'सामायिक संपत्तीची शोकांतिका', म्हणजे सगळ्यांची गोष्ट सगळे ओरबाडतात आणि ती संपते, सिद्ध झाली, गॅरेट हार्डिन, १९६८, फळ्यावर लिहा.

मी लिहिलंही. तेवढ्यात साकोलीकडून इथे शिकायला आलेली, मामाकडे राहणारी एक मुलगी बोलली. एरवी हजेरीलाच तिचा आवाज ऐकू येतो. "मॅडम, असं नसते तलावाचं." तिच्या गावचा तलाव ढिवरांच्या मच्छीमार संस्थेकडे आहे. पावसाळ्यात बीज सोडलं की कुणी जाळं टाकत नाही, काठावर संस्थेचा माणूस बसून राहते. पाणी सोडायचं ते धानाच्या पाळीने. "आमच्या इथं चिठ्ठी नाही टाकत, भांडतात."

हे एक वाक्य त्या पुस्तिकेच्या चार पानांवर भारी होतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत जे हजारो तलाव आहेत, कोहळी समाजातल्या माणसांनी गोंड राजांच्या काळापासून बांधत आणलेले, त्यांची व्यवस्था भांडणांतून आणि वाटपाच्या नेमांतून उभी राहिली होती. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि गाळ काढायचा कुणी, पाळ बांधायची कुणी, हे हळूहळू कुणाचंच काम राहिलं नाही. आज कागदोपत्री त्यांचं नाव 'माजी मालगुजारी तलाव', बोलताना 'मामा तलाव'. मामा म्हटल्यावर वर्ग खदखदून हसला आणि साकोलीची मुलगीही हसली. मग मी सांगितलं की अमेरिकेतल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम नावाच्या बाईंनी आयुष्यभर असेच तलाव, कुरणं, कालवे, मासेमारी यांचा अभ्यास केला. लोक स्वतःचे नियम करून सामायिक गोष्ट शतकानुशतकं राखू शकतात हे दाखवलं, आणि २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते मिळवणारी पहिली स्त्री. पेटीत हार्डिन आहे, ऑस्ट्रॉमबाई नाहीत. धोरण शिकवायला निघालेल्या संचातली ही भोपाळच्या सालापेक्षा मोठी चूक आहे, कारण हार्डिनवर थांबलं की मुलांच्या डोक्यात दोनच उत्तरं उरतात: तलाव सरकारला द्या नाहीतर ठेकेदाराला.

पुढच्या तासाला खेळ बदलला. फेरीच्या आधी तीन मिनिटं भांडायला दिली. नियम करा, मोडणाऱ्याला दंड ठरवा, लक्ष ठेवायला माणूस नेमा. सहा फेऱ्या तलाव टिकला. सातव्या फेरीत राखणदारानेच दोन मासे खिशात घातले, पकडला गेला, आणि दंड किती यावर तास संपला. त्याच्या पुढच्या तासाला आणखी एक वळण दिलं: एक गट धरणाच्या वर बसेल आणि तो आधी घेईल, बाकीच्यांनी उरल्यावर घ्यायचं. हे मी बनवलेलं नाही. २०१९ च्या जुलैत नागपूरला पाणी देणारं तोतलाडोह धरण आटलं आणि शहरात दिवसाआड पाणी आलं, तेव्हा पेंच नदीच्या वरच्या अंगाला छिंदवाड्यात बांधलेल्या चौराई धरणाचं नाव घरोघरी झालं होतं. पोरांना टँकरमागे पळाल्याचं आठवत होतं, धरणाचं नाव नव्हतं. वरच्या गटाने पहिल्याच फेरीत वीस मासे घेतले आणि अगदी शांतपणे म्हणाला, "पाऊस आमच्याकडे पडला." यावर काय उत्तर द्यायचं, सांगा बरं! गडचिरोलीतल्या मेंढा लेखा गावाच्या ग्रामसभेची गोष्ट, २००९ साली मिळालेला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क, २०११ साली स्वतःच्या बांबूच्या वाहतुकीचा परवाना, हे सगळं मी याच खेळाला जोडून सांगितलं. नुसतं सांगितलं असतं तर पेंगले असते.

आता जनसुनावणी. या एका खेळासाठी मी पेटी पुन्हा घेईन.

मूळ खेळात 'सुंदरनगर' नावाच्या गावाच्या नदीकाठी एक कारखाना येणार असतो. नऊ भूमिका, प्रत्येकी एक पत्ता, पत्त्यावर 'तुम्ही कोण, तुम्हाला काय हवे, तुम्ही काय लपवत आहात' असे तीन मुद्दे. तिसरा मुद्दा ज्याने सुचवला त्याचे हात धरून आभार मानावेसे वाटतात. प्रत्येकाला तीन मिनिटं. एकच घड्याळ उरलं होतं, ते पुरलं. सुंदरनगर मात्र मी पहिल्या दिवशीच काढून टाकलं. आमच्या खिडकीतून नाही, पण गच्चीवरून स्वच्छ दिवशी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. तिथे ६६० मेगावॉटचे तीन संच चालू आहेत, आणखी दोन संचांच्या प्रस्तावावर मे २०२३ मध्ये खरीखुरी जनसुनावणी झालेली आहे. मग सुंदरनगर कशाला? आम्ही 'औष्णिक केंद्राचा विस्तार' असा विषय घेतला, गावाचं नाव ठेवलं नाही, पण सगळ्यांना कळत होतं.

आणि इथे पेटीची सगळ्यात गंभीर चूक लागली. शेवटच्या पायरीवर लिहिलंय: 'आता मतदान घ्या. बहुमताचा निर्णय अंतिम.' अहो, जनसुनावणीत मतदान नसतं! आघात मूल्यांकनाची २००६ ची अधिसूचना वाचली तर स्पष्ट आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळ सुनावणी भरवतं, जिल्हाधिकारी किंवा किमान अतिरिक्त जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी अध्यक्ष, किमान तीस दिवस आधी नोटीस, एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात जाहिरात. गणपूर्ती लागत नाही, म्हणजे चार माणसं आली तरी सुनावणी झाली. लोकांचं म्हणणं नोंदवून पुढे पाठवायचं, आणि पाचशे मेगावॉट किंवा वरच्या कोळसा प्रकल्पाचा निर्णय दिल्लीत. हे सांगितल्यावर वर्गात जी शांतता झाली ती मतदानाने कधीच झाली नसती. "म्हणजे बोलायचं आपण अन् ठरवणार ते?" "हो." "मग काहून बोलायचं?" हा प्रश्न घेऊन खेळायचं असतं. मतदान ठेवलं की तो प्रश्नच येत नाही, हात वर झाले, टाळ्या, घरी जा.

अधिसूचनेतली आणखी एक गोष्ट पोरांना फार आवडली. वर्तमानपत्र पोचत नाही तिथे दवंडी पिटून कळवावं असं त्यात लिहिलेलं आहे. केंद्र सरकारच्या राजपत्रात दवंडी! वाणिज्यच्या एका पोट्ट्याने घरून स्टीलचा डबा आणि पळी आणली आणि तीन मजले फिरून "ऐका हो ऐका" करून आला. पर्यवेक्षकांनी मला बोलावून घेतलं. मी अधिसूचनेची प्रत दाखवली. त्यांनी ती वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "पण डबा हळू वाजवायला सांगा."

सुनावणी दोन जोड तासांत झाली. पेटीतल्या नऊ भूमिकांत कंत्राटी कामगार नव्हता. शेतकरी, सरपंच, पत्रकार, स्वयंसेवी संस्था, कंपनीचा अधिकारी, दम्याची आजी, सगळे होते. कामगार मी घातला आणि चिठ्ठ्या टाकल्यावर तो नेमका अशा मुलाला आला ज्याच्या काकांचं पोट खरोखर अशाच कामावर आहे. त्याने पत्ता खाली ठेवला आणि पत्त्यावर नसलेलंच बोलला. राखेने डोळे चुरचुरतात हे काकाच सांगतात, आणि नवीन संच यावा म्हणून देवाला नवसही काकाच बोलतात. दम्याच्या आजीची भूमिका करणारी मुलगी त्याच्या आधी इतकी छान खोकली होती की वर्ग हसला होता. त्याच्यानंतर कुणी हसलं नाही.

कंपनीचा अधिकारी झालेला मुलगा हुशार. त्याने मुद्दा काढला की आमच्या केंद्राला लागणारं पाणी आम्ही धरणातलं न घेता शहराच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून घेऊ. हे खरंच होतं. भांडेवाडीत प्रक्रिया केलेलं पाणी कोराडीला जातं, मूळ प्रकल्प दिवसाला १३० दशलक्ष लिटरचा. वर्गात भांडेवाडी-पारडीची अकरा मुलं आहेत. डम्पिंगचा वास, मे महिन्यात कचऱ्याला लागणारी आग, या सगळ्यावर एरवी बाकीची मुलं त्यांना चिडवतात. त्या दिवशी त्यातला एक उभा राहिला, "म्हणजे आमच्या नाकावर तुमची वीज चालते. मग आमचं बिल कमी करा." अध्यक्षांनी, म्हणजे डस्टर घेऊन बसलेल्या मुलीने, हा मुद्दा विषयाला धरून नाही असं सांगितलं. तो म्हणाला, मग विषयाला धरून काय आहे ते सांगा. सहावं उद्दिष्ट स्वच्छ पाणी, सातवं स्वच्छ ऊर्जा, आठवं रोजगार, अकरावं शहरं. पोस्टरवर चारही सारख्या चौकोनात, शेजारीशेजारी गुण्यागोविंदाने बसलेली. वर्गात त्यांनी एकमेकांची गचांडी धरली होती.

खरी मजा इतिवृत्ताला आली. नियम असा की सुनावणीच्या शेवटी सगळ्यांचं म्हणणं नोंदवून ते तिथेच, लोकांच्या भाषेत वाचून दाखवायचं. पेटीत ही पायरी नाही, मी घातली. सचिव झालेल्या मुलीने वाचलं: 'एका कामगाराने प्रकल्पास पाठिंबा दर्शविला.' तो मुलगा उठला. "मी असं नाही म्हटलं." सचिव म्हणाली, तू नवीन संच पाहिजे म्हटलास. "ते म्हटलं. डोळ्याचंही म्हटलं. ते कुठाय?" वहीत नव्हतं. मग ते वाक्य कसं लिहायचं यावर वीस मिनिटं गेली. 'पाठिंबा' शब्द राहू द्यायचा का, 'परंतु' लिहायचं का 'आणि' लिहायचं. शेवटी 'आणि' ठरलं. मी सव्वीस वर्षं शिकवते आहे, उभयान्वयी अव्ययावर अकरावीच्या मुलांना इतकं तावातावाने भांडताना पाहिलेलं नाही. मराठीच्या मॅडमना बोलावून आणायची इच्छा झाली होती.

त्यानंतर दोन मुलींनी विचारलं की खऱ्या प्रकल्पांचे कागद मिळतात का. मंडळाच्या संकेतस्थळावर सुनावणीआधी प्रकल्पाचा सारांश मराठीतही ठेवलेला असतो, तो आम्ही छापून आणला. त्यातली भाषा वाचून माझा पेटीवरचा राग बराच कमी झाला. पेटीत 'भागधारकांनी आपली स्थिती घ्यावी' अशी वाक्यं आहेत, मला वाटलं होतं यापेक्षा वाईट मराठी नसेल. असते. मग मुलींनी त्या सारांशाची दोन पानं आपापल्या आईला वाचून दाखवता येतील अशी लिहून काढली, आणि प्रकल्पवहीत जलचक्राऐवजी तेच लावलं. मी पैकीच्या पैकी गुण दिले.

व्यवहाराचं थोडक्यात. पुस्तिकेत प्रत्येक उपक्रम पंचेचाळीस मिनिटांचा सांगितलाय. आमचा तास पस्तीसचा, त्यातली पाच हजेरीत जातात. जनसुनावणी जोड तासाशिवाय होत नाही, ते आधीच वेळापत्रक करणाऱ्या सरांशी बोलून घ्या. पत्ती पातळ आहेत, दोन वर्गांनी हाताळल्यावर कोपरे गेले. लॅमिनेशन करून घेतलं, तोही खर्च धरा. साठ-सत्तर मुलांच्या वर्गाला एक तलाव पुरत नाही, दोन मांडावे लागतात. फुटलेल्या घड्याळाचा फोटो पाठवला, नवीन पाठवतो म्हणाले, अजून यायचं आहे. भोपाळच्या सालाबद्दल मात्र त्या मुलीने माफी मागितली आणि दुरुस्त पत्तीची पीडीएफ त्याच संध्याकाळी पाठवली. मतदानाबद्दल बोलले तेव्हा म्हणाली, "पण मॅडम, मुलांना निकाल लागलेला आवडतो ना." खरं आहे. निकाल लागलेला सगळ्यांनाच आवडतो.

कुणी घ्यावी? ज्याला पुस्तिका बाजूला ठेवून शिकवायला आवडतं त्याने. नुसती उघडून वाचून दाखवायची असेल तर पैसे वाया जातील आणि मुलांच्या डोक्यात मतदानही जाईल. पाच हजार नसतील तर तलाव तुरीच्या दाण्यांवर होतो, सुतळी आणि चिमटे घरी असतात, अधिसूचना फुकट मिळते. विकत घेण्यासारखे आहेत ते भूमिकांचे नऊ पत्ते, त्यातला तिसरा मुद्दा. पाचपैकी साडेतीन.

पेटी सध्या उमरेडच्या एका कॉलेजात गेली आहे, संक्रांतीनंतर परत येईल. देताना मासे मोजले तर चौतीसच भरले. सहा कुणाच्या खिशात आहेत ते मला साधारण माहीत आहे.